महिला सुपर लीग २०२३-२४: चेल्सीचं विजेतेपद गोलफरकावर ठरलं, ते योग्य होतं का?

मधली फळी:
इंग्लंडच्या महिला सुपर लीगचा २०२३-२४ चा हंगाम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. निकाल मला आजही पटलेला नाही. २२ सामन्यांनंतर चेल्सी आणि मँचेस्टर सिटी दोघांचेही ५५ गुण. दोघांनी १८ जिंकले, १ बरोबरीत सोडवला, ३ हरले. फरक उरला तो गोलांचा, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून: चेल्सी +५३, सिटी +४६. तेवढ्यावर चेल्सी सलग पाचव्यांदा विजेती.

आता हे दोन संघ एकमेकांसमोर आले तेव्हा काय झालं ते बघा. ऑक्टोबरमध्ये सिटीच्या मैदानावर १-१. फेब्रुवारीत चेल्सीच्याच घरी, किंग्जमेडोवर, खदिजा शॉच्या एकमेव गोलवर सिटी जिंकली. अख्ख्या हंगामात चेल्सीला लीगमध्ये सिटीला एकदाही हरवता आलं नाही. स्पेनच्या लीगमध्ये गुण समान झाले की आधी आपसातले सामने बघतात. तो नियम इथे असता तर करंडक सिटीकडे गेला असता.

आणि हे जास्तीचे गोल आले कुठून? ५ मे रोजी ब्रिस्टल सिटीवर ८-०. ब्रिस्टल लीगमधून खाली जाणार हे तेव्हा ठरून चुकलं होतं. मग शेवटच्या दिवशी, १८ मे रोजी, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडवर ६-०. युनायटेडनं सहाच दिवसांपूर्वी वेम्बलीवर एफए कप जिंकला होता, लीगमध्ये त्यांचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. या दोन सामन्यांत मिळून १४ गोल. ज्या संघांकडे लढायला कारणच उरलेलं नाही, त्यांच्यावर केलेल्या गोलांनी विजेता का ठरवायचा?

कॉर्नर फ्लॅग:
असहमत. लीग २२ सामन्यांची असते, दोन सामन्यांची नाही. नोव्हेंबरमध्ये सिटी घरच्या मैदानावर ब्रायटनकडून ०-१ हरली, ते कोणी करायला सांगितलं होतं? आणि ब्रिस्टलचं म्हणाल तर २७ एप्रिलला सिटीही त्यांच्याशी खेळली, ४-० जिंकली. त्याच सामन्यात ब्रिस्टलचं खाली जाणं पक्कं झालं. समोरचा संघ तोच, आठवडा फक्त पुढचा. सिटीनं चार मारले, चेल्सीनं आठ.

खरं विजेतेपद गेलं ते ५ मे रोजी. सिटी घरी आर्सेनलवर १-० नं पुढे होती. ८९ व्या मिनिटाला ब्लॅकस्टेनियसनं बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत तिनंच दुसरा मारला. ती दोन-तीन मिनिटं सांभाळली असती तर गोल मोजायची वेळच आली नसती.

डावखुरी:
त्या २७ एप्रिलच्या सामन्याची दुसरी बाजू तुम्ही सांगितली नाहीत. शॉच्या पायाला दुखापत झाली ती त्यातच. २१ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी खेळाडू, आणि शेवटच्या सामन्यांत ती नाही. चेल्सीची सॅम कर जानेवारीत गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेली, तेव्हा त्याच महिन्यात लेवान्तेकडून मायरा रामिरेझ आली. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या सहातले दोन गोल तिचे. जानेवारीत खेळाडू विकत घेण्याचा बाजार उघडा असतो, एप्रिलच्या अखेरीस नसतो. गोलफरक बघताना आपण पुष्कळदा संघाच्या राखीव फळीची ताकद आणि नशीब मोजत असतो.

कॉर्नर फ्लॅग:
सिटी काही गरीब क्लब नाही हो. आणि दमछाकीचा हिशोब करायचा तर पूर्ण करा. त्या हंगामात सिटी युरोपात खेळतच नव्हती. चेल्सी २७ एप्रिलला बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी हरली, चार दिवसांनी लीगमध्ये लिव्हरपूलकडून ३-४ हरली. विजेतेपद हातचं गेलं असं प्रशिक्षक एमा हेजनी स्वतः उघड सांगितलं होतं. तिथून त्या मुलींनी सलग तीन सामने जिंकले. मला तरी त्या १४ गोलांत स्वस्त काहीच दिसत नाही.

नव्वदावं मिनिट:
मी सिटीच्या बाजूचा, तरीही आपसातल्या सामन्यांचा नियम मला नको. ऑक्टोबरचा सामना आठवा. सिटीच्या अ‍ॅलेक्स ग्रीनवुडला ३८ व्या मिनिटाला वेळकाढूपणाबद्दल दुसरं पिवळं कार्ड. (फ्री किक घेताना बाहेर काढलं! मला तो निर्णय कधीच पटणार नाही.) नंतर लॉरेन हेम्पलाही लाल कार्ड. नऊ जणींनी जवळजवळ शेवटपर्यंत आघाडी टिकवली आणि ९६ व्या मिनिटाला चेल्सीच्या गुरो राइटेननं बरोबरी केली. दोनच सामन्यांवर विजेता ठरवायचा तर पंचांच्या अशा एका निर्णयाला किती वजन येईल? २२ सामन्यांत निदान ते विरघळतं.

माझं मत एका निर्णायक सामन्याला. इटलीत पुरुषांच्या सेरी आमध्ये २०२२-२३ पासून तसाच नियम आहे: पहिल्या जागेसाठी गुण समान, तर दोघांत एक सामना.

डावखुरी:
+१. सिटीवर ही वेळ दुसऱ्यांदा आली. २०१९-२० चा हंगाम कोविडमुळे अर्धवट थांबला तेव्हा सिटीचे १६ सामन्यांत ४० गुण होते, चेल्सीचे १५ सामन्यांत ३९. प्रतिसामना सरासरी काढली आणि चेल्सी विजेती.

कॉर्नर फ्लॅग:
आणि २०१४ मध्ये लिव्हरपूलनं गोलफरकावर चेल्सीला मागे टाकलं, तेव्हा चेल्सीच्या प्रशिक्षक हेजच होत्या. नियम तेव्हाही हाच होता आणि दहा वर्षं सगळ्यांना ठाऊक होता. दुसऱ्या मिनिटाला पहिला गोल, मध्यंतराला ४-०: ओल्ड ट्रॅफर्डवर चेल्सी खेळली ती गोल मोजतच. सिटीलाही त्याच दिवशी अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध हेच करायचं होतं, त्या २-१ नंच जिंकल्या.

मधली फळी:
२०१४ चा मुद्दा मान्य, आणि ग्रीनवुडच्या कार्डाचाही. आपसातल्या सामन्यांचा आग्रह मी सोडते. पण गोलफरकाकडे परत जाणार नाही. निर्णायक सामना ठेवा, त्रयस्थ मैदानावर, आठवड्याभरात. त्याच फेब्रुवारीत एमिरेट्स मैदानावर आर्सेनल-युनायटेड सामन्याला ६०,१६० लोक आले होते. विजेतेपदाच्या सामन्याला येणार नाहीत का?

कॉर्नर फ्लॅग:
लोक येतील. पण जुलैत पॅरिस ऑलिंपिक होतं, खेळाडूंचे गुडघे आधीच जायबंदी होत होते, आणि शॉ त्या सामन्यातही खेळू शकली नसती.