सासूबाईंसाठी चप्पल घ्यायचीय : शुगर आहे, अंगठा वळलेला आहे, काय बघून घेऊ?

मानेवाडा_सून

नमस्कार. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, शुगर जुनी. उजव्या पायाचा अंगठा दुसऱ्या बोटाकडे वळलाय, त्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय. दुसरं बोट वर उचललं गेलंय, त्यावर कुरूप झालंय. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात. तळवे जळजळ करून राहिले म्हणतात, पण चालता चालता चप्पल पायातून निसटली तर त्यांना पत्ताही लागत नाही. घरात टाइल्सवर अनवाणी, बाहेर अंगठ्याची रबरी स्लीपर. डॉक्टर म्हणाले, नरम चप्पल घ्या. इथे नागपुरात सीताबर्डीत दुकानोदुकानी 'डॉक्टर चप्पल', 'ऑर्थो चप्पल' दाखवतात, सगळ्या सारख्याच गुबगुबीत. नेमकं काय बघायचं? कुरूपावर मेडिकल स्टोअरमधली पट्टी लावली तर चालेल का?

फिजिओ_प्रतापनगर

ताई, चप्पल निसटलेली कळत नाही, हे आधी धरा. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होत असताना जळजळही होते आणि स्पर्शही कमी होतो, दोन्ही एकाच वेळी.

घरीच तपासता येईल. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना तुमच्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, घासायचं नाही, थपथपायचंही नाही. स्पर्श झाला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली असं समजा आणि मेडिकल कॉलेज, मेयो किंवा मिहानचं एम्स, यापैकी एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नीट तपासून घ्या. तिथे १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू टेकवून बघतात, घोट्याजवळची नाडीही चाचपतात.

कुरूपाची पट्टी मुळीच लावू नका. त्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही. बधिर पायावर जखम होते आणि दोन दिवसांनी मोज्याला डाग दिसला की मग कळतं. ब्लेडने घरी खरवडणंही नको. कुरूप झालं ते बोट चपलेच्या पट्ट्याला घासतं म्हणून. घासणं थांबवलं नाही तर काढलेलं कुरूप परत येणारच.

पायताण_कारागीर

'डॉक्टर चप्पल' या नावामागे ठरलेलं माप नाही, त्यामुळे नावावर जाऊ नका, हातात घेऊन तपासा.

माप संध्याकाळी घ्या, सूज असते तेव्हाच. जाड पुठ्ठ्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा आणि पेन्सिल अगदी उभी धरून रेघ काढा. तिरकी धरली की माप चुकतं. पाय दोन्ही मोजा, मोठा असेल त्याचं माप धरा. सगळ्यात लांब बोटापुढे १ ते सव्वा सेंटीमीटर जागा हवी. लांब बोट दरवेळी अंगठाच असतो असं नाही. तो पुठ्ठा कापून दुकानात न्या आणि चपलेच्या आतल्या तळावर ठेवा. कुठूनही बाहेर आला किंवा दुमडला तर ती चप्पल परत. नंबरवर विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो.

मग तीन गोष्टी. चप्पल दोन्ही टोकांना धरून पिळा, कपड्यासारखी पिळली तर नको. वाकवा, वाक चवड्यापाशी पडला पाहिजे. मधोमध दुमडली तर पायाला आधार नाही. टाचेची उंची अडीच सेंटीमीटरच्या आत आणि टाच रुंद.

सासूबाईंना अंगठ्याची चप्पल बंद करा. ती पायात टिकवायला माणूस बोटं आवळून चालतो, त्यानेच बोट अजून वाकतं आणि पाय फरपटतो. पुढे रुंद पट्टा, घोट्यापुढे पट्टा आणि टाचेमागे पट्टा, तिन्ही वेल्क्रोचे. सकाळी आवळायचे, संध्याकाळी सैल करायचे. पुढच्या पट्ट्याची शिवण बाहेर आलेल्या हाडावर किंवा कुरूपावर येता कामा नये. हे दुकानातच त्यांच्या पायावर बघा.

आतला थर एमसीआरचा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरचा, साधारण १० मिलिमीटर. बधिर पायांसाठी हे रबर आपल्याकडे आधी कुष्ठरुग्णांच्या चपलांत वापरलं गेलं, म्हणून त्याचा अनुभव दांडगा आहे. अंगठ्याने जोरात दाबा, निम्म्यापर्यंत दबून लगेच वर यायला हवं. खड्डा तसाच राहिला तर तो नुसता फोम आहे, महिन्याभरात बसतो. खालचा सोल मात्र घट्ट आणि खाचांचा. जोड चिकटवलेला, शिवलेला हवा, खिळा एकही नको. झिजता झिजता खिळ्याचं टोक वर येतं आणि त्यांना ते टोचणारही नाही.

फिजिओ_प्रतापनगर

वरच्या उत्तराला पुस्ती. गुबगुबीत जाड सोलवर उभं राहिलं की पाय रुततो, घोटा डळमळतो, आणि तळव्याला जमिनीचा जो थोडाफार अंदाज येतो तोही जातो. म्हातारपणी तोल त्याच अंदाजावर असतो. तेव्हा डॉक्टरांचं 'नरम' म्हणजे आतून नरम, खालून पक्कं, असं धरा.

मानेवाडा_सून

खूप कामाचं सांगितलंत. अडचण एकच. घरात, त्यातून स्वयंपाकघरात आणि देवापुढे, त्या चप्पल घालायलाच तयार नाहीत. महालक्ष्म्यांना तर दिवसभर अनवाणी उभ्या असतात.

परिचारिका_ताई

बाहेरची चप्पल घरात आणा म्हटलं तर कोणतीही आजी नाहीच म्हणणार. त्यांच्यासमोर कोरी जोडी काढा, ती उंबऱ्याबाहेर कधीच न्यायची नाही असं ठरवा. देवापुढे बसताना काढली तर काढू द्या, ओट्यापाशी उभं राहताना पायात हवीच. नुसते मोजे घालून टाइल्सवर चालू देऊ नका, पाय सटकतो. मोजे घालायचेच तर खाली रबराचे ठिपके असलेले, सैल काठाचे आणि पांढरे घ्या, पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो.

देवळाचं जास्त जपा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पार करतो. दुपारी फरशीवर बधिर तळवा भाजतो आणि घरी येईपर्यंत फोड धरतो. टेकडी गणपतीला जायचं तर सकाळी लवकर. गरम पाण्यात पाय शेकणं, गरम पाण्याची पिशवी, दोन्ही बंद. धुण्यापुरतं कोमट पाणी, तेही तुम्ही आधी कोपराने बघायचं.

रोज रात्री पाय बघा. खालून, टाचेकडून आणि बोटांच्या बेचक्यांत, मोबाइलच्या टॉर्चने. पावसाळ्यात चिखल्या याच बेचक्यांत होतात, म्हणून टिपून कोरडं करा. भेगांना १० टक्के युरियाचं क्रीम टाचेला लावा, बेचक्यांत नको. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा, खडा, तांदळाचा दाणा, काहीही असू शकतं.

नवी चप्पल पहिले काही दिवस तासभरच. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे दाब पडतोय, ती जागा कारागिराला दाखवा.

एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसला, तर दुखत नसलं तरी त्यावर चालू देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना. आतली हाडं ढासळायला लागली असतील तर अशी सुरुवात होते, आणि पाय बधिर असल्याने दुखत नाही म्हणून लोक आठवडाभर चालत राहतात.

पायताण_कारागीर

घरातल्या जोडीला मागचा पट्टा नसेल तर मोच्याकडून बसवून मिळतो. दोन्ही टोकं सोलच्या थरात घालून शिवून घ्या, वरून खिळे ठोकू देऊ नका. पट्ट्याच्या आतून मऊ अस्तर लावायला सांगा. आणि एमसीआरवर चवड्याखाली खोलगट ठसा उमटला की तेवढा थर बदलून घ्या, सोल चांगला असला तरी.