ग्रीन टी मोजायचं यंत्र गावात हवं की नको?

झरीचा_केमिस्ट (धागा सुरू केला)
आमच्या आठवडी बाजारात हल्ली टाय लावलेली दोन पोरं येतात आणि हिरव्या चहाच्या डब्या खपवतात. शुगर उतरते, चरबी जळते, सगळं डबीवर छापलेलं. बचत गटातल्या बायांनीही घेतल्या. आत खरंच काही आहे की वाळलेला पाला, हे तपासायची सोय तालुक्यात कुठेच नाही.

सोय होऊ शकते. चहातली कॅटेचिनं, म्हणजे पानातली तुरट द्रव्यं, कार्बनच्या इलेक्ट्रोडवर (वीज नेणाऱ्या टोकावर) सहज इलेक्ट्रॉन सोडतात. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की एका ठरावीक जागी करंट उसळतो आणि त्या उसळीच्या उंचीवरून प्रमाण काढता येतं. शुगर तपासायची पट्टी याच घराण्यातली. द्रव्यं वेगळी करून मोजणारं एचपीएलसीचं महागडं यंत्र तालुक्याला कोण देणार? इलेक्ट्रोड छापलेल्या पट्ट्या आणि हातात मावणारं मीटर कॉलेजच्या लॅबमध्ये सहज राहील. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात ग्रीन टीमध्ये वजनाच्या किमान ७ टक्के कॅटेचिनं सांगितली आहेत, म्हणजे ताडून पाहायला आकडाही तयार आहे. माझं मत, हे यंत्र यायलाच हवं.

कपाशीवाला
भाऊ, मीटरचं आमाले नका सांगू. कापसाचा ओलावा ८ टक्क्याच्या वर गेला की भाव कापते, १२ च्या वर गेला तं गाडी वापस. सकाळी दव पडलेल्या गंजीत मीटर खुपसलं की एक आकडा, दुपारी उन्हात दुसरा. कोणत्या बोऱ्यात अन् किती खोल खुपसाचं, ते मीटरवाला ठरवते. मीटर ज्याच्या हातात, आकडा त्याचा. उद्या तेच टायवाले तुमचं यंत्र घेऊन बाजारात बसतीन, अन् बाया दोन डब्या जास्त घेतीन.

अन् आमच्या घरी सीटीसीची दाणेदार काळी पत्ती, आलं, साखर, दूध, वरून तीन उकळ्या. त्यात काय मोजता बाप्पा?

लॅबवाला_वणी
उकळलेल्या चहात मोजूच नका. सीटीसीत पान चिरडलं जातं, मग हवा आणि पानातलं एन्झाइम मिळून बहुतेक कॅटेचिनांचं थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन करून टाकतात. रंग आणि कडकपणा त्यांचाच. दुधातलं केसीन उरल्यासुरल्याला धरून ठेवतं. लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन देतं, आणि मीटरला चहा कोणता नि लिंबू कोणतं हे कळत नाही. आल्यातही फिनॉल, म्हणजे कॅटेचिनांसारखीच इलेक्ट्रॉन देणारी द्रव्यं, आहेतच.

कोरडी पत्ती ठरावीक गरम पाण्यात, ठरावीक वेळ, ठरावीक पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप). तेवढं पाळलं तरच आकड्याला अर्थ. पीएच एका अंकाने सरकला तरी उसळीची जागा साधारण ५९ मिलिव्होल्टने हलते. शिवाय एकदा मोजल्यावर इलेक्ट्रोडवर फिनॉलचा थर बसतो आणि दुसऱ्यांदा आकडा कमी येतो. म्हणून पट्टी वापरा आणि फेका. पट्ट्यांचा खर्च कोण उचलणार, तेही इथेच बोला.

आरोग्यसेविका_ताई
मला यंत्राचं कळत नाही, बायांचं कळतं. माझ्याकडच्या गरोदर बाया लाल गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळतात. चहातले जे पॉलिफिनॉल (तुमची कॅटेचिनं त्यातलीच) तुम्ही 'फायद्याचे' म्हणून मोजायला निघालात, तेच डाळ-भाजीतलं आणि गोळीतलं लोह धरून ठेवतात. गोळी आणि चहा यात तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, हे सांगून माझा घसा बसला. उद्या मीटरवर आकडा जास्त दिसला की सासूच म्हणेल, पी अजून एक कप. इलेक्ट्रॉन किती सुटले ते यंत्र सांगेल. त्या बाईच्या अंगाला काय लागलं, ते कोणतं यंत्र सांगणार?

झरीचा_केमिस्ट
ताई, अंगाला लागतं की नाही हे यंत्राने सांगावं असं मी म्हणतच नाही. डबीवर ग्रीन टी लिहिलंय, आत ७ टक्के आहे का, एवढंच विचारायचं. 'शुगर उतरते' हा दावा वेगळा, त्याला पट्टी लागू नाही. आणि कपाशीवाले भाऊ, मोजणी विकणाऱ्याच्या हातात नकोच. कॉलेजात, चार लोकांसमोर, नमुना गटाच्या बायांनी आणलेला.

लॅबवाला_वणी
आणि निकालाच्या चिठ्ठीवर 'आरोग्यदायी' हा शब्द नको. नुसता टक्का लिहा.

कपाशीवाला
मंग पहिले पाणी मोजा नं. आमच्या केळापूर-झरीकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाय, लहान लेकरायचे दात पिवळे पडले. लिटरमागं १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं तं ते पाणी पिऊ नये म्हणतेत.

लॅबवाला_वणी
फ्लोराइडही इलेक्ट्रोडनेच मोजतात, लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा असतो. मीटर नीट निवडलं तर एकाच मीटरवर दोन्ही जमवता येईल. चहाच्या पानातही फ्लोराइड साठतं, म्हणजे बोअरच्या पाण्यात चहा उकळला की दोन्हीकडची भर.

आरोग्यसेविका_ताई
असं असेल तर माझं मत पाण्याला. चहाचा नंबर मागून.

झरीचा_केमिस्ट
कॉलेजला अर्ज दोन्हीचा करतो. पण टायवाले दर आठवड्याला येतात, त्याचं काय?

कपाशीवाला
त्याईले पावती मागा. पक्की, नाव-पत्त्याची. यंत्र याच्या पहिले पोरं गायब होतीन.