गोवर दिसत नाही, मग प्रत्येक बाळाला लस कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. गोवराचा एकही रुग्ण आमच्या पाहण्यात नसताना राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात प्रत्येक बाळासाठी एवढा आग्रह का धरला जातो?

उत्तर : रुग्ण दिसत नाहीत, ते लसीकरणामुळेच. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे २ तास तिथे टिकून राहू शकतो. म्हणून त्याची साखळी तोडायला जवळपास ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात आणि एवढा पल्ला देशव्यापी कार्यक्रमाशिवाय गाठता येत नाही. देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, त्यामागेही लसीकरणाचीच चिकाटी होती.

उत्तर : माझ्या मुलावर कर्करोगाचे उपचार चालू असताना त्याला ही लस देता येत नव्हती. त्या दिवसांत, शेजारच्या बाकावरच्या मुलाने घेतलेली लस हेच त्याचे संरक्षण होते, हे मी कधीही विसरणार नाही.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. आजारपणामुळे तिची आधीच्या एका लसीची मात्रा राहून गेली आहे.

उत्तर : राहिलेली मात्रा लवकर द्यावी, साधारणपणे सगळे वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. लसीकरणाचे कार्ड मात्र सोबत न्यावे.