पाथफाइंडर: जुन्या पुस्तकातलं मंजूर होईपर्यंत काय करता? (अनुभव धागा)

वीसबाजूवाला
कपाट आवरताना पाथफाइंडर या फाशांच्या भूमिकाखेळाचं 'सीक्रेट्स ऑफ मॅजिक' (२०२१) हे पुस्तक हाती लागलं आणि रीमास्टरनंतरचा, म्हणजे नियमपुस्तकं नव्याने आल्यानंतरचा, सगळा घोळ आठवला. घरच्या खेळात प्रश्न नसतो, जीएम (खेळ चालवणारा) हो म्हणाला की झालं. सोसायटीच्या (अधिकृत संघटित खेळाच्या) टेबलावर मंजुरीची यादी बघावी लागते: स्टँडर्ड म्हणजे खुलं, लिमिटेड म्हणजे बून (खास परवानगी) हवा, रिस्ट्रिक्टेड म्हणजे विषय संपला. खरा वैताग यादीत नावच नसतं तेव्हा. पुस्तक विकत घेतलंय, ॲपमध्ये पात्र तयार आहे, आणि यादीवाल्यांचं उत्तर काय तर "बघतोय". अशा वेळी पात्र कसं बांधता ते लिहा. रडगाणं चालेल, पण सोबत उपाय द्या.

तांबडीमाती
चॅम्पियन क्लास (पवित्र योद्ध्याचा पात्रप्रकार)!! नोव्हेंबर २०२३ला प्लेअर कोअर (नवं नियमपुस्तक) आलं आणि अलाइनमेंट (लॉफुल, गुड अशी पात्राची नैतिक बाजू) गेलं. नवा चॅम्पियन प्लेअर कोअर २मध्ये, ऑगस्ट २०२४. मधले नऊ महिने जुना पॅलाडिन (चॅम्पियनचाच एक प्रकार) लॉफुल गुड मागतोय आणि नव्या पुस्तकात लॉफुलही नाही, गुडही नाही. डेमनला लागणारं गुड डॅमेज कुठे गेलं, हे प्रत्येक टेबलावर पहिली दहा मिनिटं.

वीसबाजूवाला
@तांबडीमाती आता होली ट्रेट (पवित्र असल्याची खूण) आणि स्पिरिट डॅमेज. तेव्हा जीएमच्या मनावर.

कोपऱ्यातलाजीएम
उपाय मागितलात म्हणून सविस्तर. काय बदलता येतं आणि काय नाही, ते आधी बघा. फीट (पात्राची निवडलेली खुबी) रीट्रेन करायला, म्हणजे बदलायला, ७ दिवस डाउनटाइम (खेळांमधला पात्राचा मोकळा वेळ). एका सिनॅरिओला (एका बैठकीच्या साहसाला) ४ एक्सपी (अनुभवगुण) आणि ८ दिवस मिळतात, म्हणजे एका खेळामागे एक फीट सुटते. त्याच दिवसांतून अर्न इन्कम (पात्राची कमाई) करायचं असतं, त्यामुळे तेवढी कमाई बुडाली समजा. क्लास फीचर (क्लाससोबत येणारी क्षमता) असेल तर निदान महिना. अँसेस्ट्री (वंश), हेरिटेज (उपवंश), बॅकग्राउंड (पूर्वायुष्य) आणि क्लास मात्र रीट्रेन होतच नाहीत. तेव्हा "मंजूर होईलच" या भरवशावर फीट घेतलीत तर निभावेल. क्लास घेऊन बसलात तर अडकलात. पहिल्या पातळीवर असाल तर सुटका आहे: दुसऱ्या पातळीवर पहिला खेळ खेळेपर्यंत अख्खं पात्र नव्याने बांधता येतं. १२ एक्सपीला पातळी वाढते, म्हणजे साधारण तीन सिनॅरिओंची सवलत.

मेगसभक्त
यात साखळीचं विसरू नका. मेगसवाले (सीक्रेट्स ऑफ मॅजिकमधला शस्त्र-जादू क्लास) सायकिक डेडिकेशन ही दुसऱ्या क्लासची शक्ती देणारी फीट घेतात (डार्क आर्काइव्ह, २०२२), मग सहाव्या पातळीला साय डेव्हलपमेंट ही पुढची फीट, कशासाठी तर इमॅजिनरी वेपन हा मंत्र स्पेलस्ट्राइकमध्ये (मंत्र भरलेल्या वारात) घालायला. दोन वेगळ्या पुस्तकांवर उभं राहिलेलं पात्र. एकाचा निर्णय लटकला की दुसरं हवेत. आणि सोडवताना उलट्या क्रमाने सोडवावं लागतं, आधी साय डेव्हलपमेंट, मग डेडिकेशन. १४ दिवस, दोन सिनॅरिओ. वरच्या पातळीच्या फीट त्यावर रचल्या असतील तर आणखी.

शिट्टीतीन
कुकर लावलाय, पटकन लिहिते. खेळासोबत मिळणारं तयार पात्र घ्या ना! व्हॅलेरोस, कायरा, मेरिसिएल, पहिल्या पातळीचं कुठलंही. खेळा, आणि क्रॉनिकल (खेळल्याची नोंद) आपल्या नव्या पात्राच्या नावावर लावा. एक्सपी वाया जात नाही, तोवर यादी येते. झाली दुसरी शिट्टी

तांबडीमाती
कायरा (पुजारीण) घेतली की सगळे "हील कर, हील कर" (जखमा भर) 😭

शिट्टीतीन
मग व्हॅलेरोस घे आणि मर 😂

नियमावर_बोट
जरा दुसरी बाजू. उशीर काही उगाच होत नाही. इथल्या टेबलावर चालणारं पात्र दुसऱ्या देशातल्या अनोळखी जीएमच्या टेबलावरही जसंच्या तसं चालायला हवं. एक फीट खुली करायची तर जुनी-नवी सगळी पुस्तकं धरून कुठे काय जुळतंय ते बघावं लागतं. शिवाय जुन्या मजकुरात अलाइनमेंट, स्पेल स्कूल (मंत्रांचे जुने गट) असे शब्द पेरलेले. "इव्होकेशन स्पेल टाकल्यावर" असं लिहिलेली फीट नव्या नियमात चालणार कशी? स्कूलच उरली नाहीत.

मेगसभक्त
मान्य. पण मग "याला तीन महिने लागतील" एवढं तरी सांगावं. वाट बघायला हरकत नाही, अंदाज द्या.

नियमावर_बोट
त्याला +१.

कोपऱ्यातलाजीएम
टेबलावर बसण्याआधी: नाव तेच ठेवून नव्या पुस्तकात छापलं असेल तर नवंच वाचा. इलेक्ट्रिक आर्क मंत्राचं डॅमेज बघा, जुन्यात १डी४ (चार बाजूंचा एक फासा) अधिक मॉडिफायर, नव्यात सरळ २डी४. पात्राच्या शीटवर जुना आकडा राहिला की भांडण. संशय असलेल्या फीटशेजारी पेन्सिलीने प्लेअर कोअरमधली पर्यायी फीट लिहून ठेवा. जीएम नाही म्हणाला तर खोडून पुढे चला, चार तासांचा खेळ त्यात घालवू नका. पुस्तकाची पीडीएफ स्वतःच्या नावाच्या वॉटरमार्कची हवी, मित्राची चालत नाही.

पहाटेचाबार्ड
आमचं दुखणं वेगळंच. न्यू जर्सीवाले संध्याकाळी ७ला ऑनलाइन टेबल लावतात, उन्हाळ्यात ते पुण्यात पहाटे ४:३०. तेवढ्या पहाटे "ही फीट यादीत आहे का" हा वाद नको वाटतो. आदल्या रात्रीच जीएमला शीट पाठवा.

मिनिरंगारी
थोडं अवांतर. पावसाळ्यात मिनीवर (पात्राच्या छोट्या पुतळ्यावर) स्प्रे प्रायमर मारू नका, दमट हवेत पांढरट भुरका बसतो. ब्रशने पातळ दोन हात द्या.

शिट्टीतीन
@मिनिरंगारी दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचं?

मिनिरंगारी
बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. जुलैत रात्रभर ठेवलेलं बरं.