मदत हवी आहे: ५० मिमी पफ पॅनेल असूनही एएचयूला घाम फुटतोय (बडोदा)

गाळा_४२
मकरपुरा जीआयडीसीत एएचयू (एसीसाठी हवा थंड करून पुढे ढकलणारं खोकं) बनवतो. अडचणीतलं युनिट ८,००० सीएफएमचं (मिनिटाला घनफूट हवा), डबल स्किन, गच्चीवरच्या शेडमध्ये आहे. शेडला एसी नाही. बाहेरचा पत्रा ०.८ मिमी प्रीकोटेड, आतला ०.८ मिमी जीआय (जस्त चढवलेला), मध्ये पफ (पॉलियुरेथेन फोम), पॅनेलची एकूण जाडी ५० मिमी. सांगाड्याचं ॲल्युमिनियम प्रोफाइल साधं, थर्मल ब्रेक (मध्ये उष्णता अडवणारी पट्टी) नाही. पॅनेल सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने आरपार बसवलेत. कॉइलनंतरची हवा १२ अंश.

पाऊस लागल्यापासून उभे कोपरे, दाराची चौकट आणि स्क्रूच्या डोक्यांभोवती थेंब जमतात. पॅनेलचा मधला भाग कोरडा आहे, फक्त दोन पॅनेलांवर मधोमध तळहाताएवढा ओला डाग दिसतो. ग्राहक म्हणतो ६० मिमी करा. थांबेल का? आणि आहे त्या युनिटचं काय करू?

दवबिंदू
६० मिमीने काहीही होणार नाही. आकडे मांडून बघा.

बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरा. दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली पृष्ठभागावर पाणी जमतं ते तापमान, येतो सुमारे २८.१. पफची उष्णतावाहकता ०.०२४ धरली तर ५० मिमी पॅनेलचा यू (चौरस मीटरला अंशामागे जाणारे वॅट) साधारण ०.४५ येतो. आतबाहेर २० अंशांचा फरक असताना चौरस मीटरला ९ वॅट जातात आणि बाहेरचा पत्रा हवेपेक्षा जेमतेम १.१ अंशाने थंड होतो, म्हणजे ३०.९. दवबिंदूच्या बराच वर. २५ मिमी पॅनेलसुद्धा याच हवेत २९.९ वर राहून कोरडं राहतं! २५ चं खरं मरण रात्री, २८ अंश आणि ९० टक्क्यांना. तेव्हा दवबिंदू २६.२ आणि पत्रा २६.३. ५० मिमी तिथेही २७.१ वर तग धरतं. मग तुमचं पाणी येतं कुठून? कडेने.

आतला पत्रा वळवून बाहेरच्या पत्र्याला भिडवला असेल तर त्या ०.८ मिमी पट्टीतून कडेच्या दर मीटरला अंशामागे ०.८ वॅट जाऊ शकतात. १२०० गुणिले ६०० च्या पॅनेलची कड ३.६ मीटर, म्हणजे अंशामागे २.९ वॅट. त्याच पॅनेलच्या पूर्ण फोममधून जातात फक्त ०.३२. हवेच्या थराचा अडसर धरला की प्रत्यक्षात फरक कमी होतो, पण दिशा तीच. त्यात ॲल्युमिनियमची वाहकता २०० च्या आसपास आणि काच भरलेल्या पॉलिअमाइडची ०.३. साधं प्रोफाइल म्हणजे थंडी बाहेर काढायची पन्हळच.

गाळा_४२
कड वळवून भिडवलेलीच आहे. टेंडरमध्ये 'टी२' मागितलं होतं, ते तर मिळतंय ना?

दवबिंदू
ईएन १८८६ या एएचयूच्या युरोपीय मानकात टी वर्ग म्हणजे पूर्ण खोक्याचा यू: टी१ ला ०.५ पर्यंत, टी२ ला त्यावर १.० पर्यंत. घामाचा संबंध टीबी वर्गाशी, म्हणजे केबी या गुणकाशी: टीबी१ ला ०.७५ च्या वर, टीबी२ ला ०.६० ते ०.७५, टीबी३ ला ०.४५ ते ०.६०. बाहेरचं सगळ्यात थंड ठिकाण आणि आतली हवा यांतला फरक भागिले आतबाहेरच्या हवेतला फरक, म्हणजे केबी. ते ठिकाण किती थंड होतं ते यातून कळतं. वरच्या हवेसाठी पृष्ठभाग २८.१ च्या वर ठेवायचा, तर (२८.१ − १२) भागिले २० म्हणजे ०.८१ हवा. रात्रीच्या ९० टक्क्यांना ०.८९. टीबी२ काठावर, ०.७५ ला, पृष्ठभाग २७ अंशांवर देतो. तो ७५ टक्के आर्द्रतेपर्यंतच पुरतो. आपल्याकडच्या श्रावणात टीबी२ छापलेलं युनिटही ठिबकेल, त्यात बनवणाऱ्याची लबाडी असेलच असं नाही. पुढच्या कोटेशनला टीबी वर्ग आणि शेडची आर्द्रता दोन्ही लिहून घ्या.

फोमवाला_बाबा
मधल्या डागांबद्दल. ते प्रोफाइलचं पाप नाही, फोममधली पोकळी आहे. नाण्याने टकटक करत जा. भरलेल्या जागी बद्द आवाज येतो, पोकळीवर डबा वाजल्यासारखा. खात्रीसाठी डागावर १०० गुणिले १०० मिमीचा चौकोन कापा. पोकळी मिळाली तर पॅनेल बदलायचंच आहे. मग त्याच्या चांगल्या भागातून तसाच, ४८ मिमी जाडीचा तुकडा काढून वजन करा. ४० किलो प्रति घनमीटरला १९.२ ग्रॅम भरतो. १५ च्या आसपास भरला तर घनता ३१ आहे आणि पॅनेल कालांतराने आकसून पत्रा सोडणार.

ओतताना मोजमाप असं: दोन्ही पत्रे वजा करून १२०० × ६०० × ४८.४ मिमी म्हणजे ०.०३४८ घनमीटर, गुणिले ४० म्हणजे १.४ किलो. वर थोडं वाया जाणारं धरा. आयसो आणि पॉलिओल या फोमच्या दोन रसायनांचं प्रमाण पुरवठादाराच्या पत्रकाप्रमाणे, आणि ते वजनाने, डोळ्याच्या अंदाजाने नाही. रसायन २० ते २२ अंश, जिग (पॅनेल धरणारा साचा) ४० ते ४५. थंड जिगवर फोम पत्र्याजवळ घट्ट बसतो, कोपऱ्यात पोचत नाही. बाहेर निघायला कोपऱ्यांत हवेची भोकं नसतील तर पोकळी नेमकी तिथे किंवा शेवटी भरणाऱ्या भागात. पॅनेल लवकर काढलं तर पोट फुगतं.

पावसात ड्रम उघडा ठेवू नका. आयसोला ओल लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फोम ठिसूळ होतो. जीआयवरचं तेल पुसल्याशिवाय चिकटत नाही. प्रीकोटेडच्या मागच्या बाजूला फोम धरेल असा प्रायमर आहे का, तेही बघा. नसेल तर पॅनेल हलवताना पत्रा सरळ सोलून येतो.

गाळा_४२
रसायन तेच घेतोय, पण काही वर्षांपूर्वी फोम जास्त सहज भरायचा असं वाटतं.

फोमवाला_बाबा
पूर्वी फोम फुगवायला एचसीएफसी-१४१बी होतं. भारतात त्याची आयात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. आता सायक्लोपेंटेन, एचएफओ, मिथाइल फॉर्मेट, काहींत पाणीही. प्रत्येकाने फोम पसरतो वेगळा, म्हणून जुनी ओतायची सवय नव्या रसायनाला चालत नाही. सायक्लोपेंटेन ज्वलनशील आहे, साध्या गाळ्यात त्याच्या नादी लागू नका.

दवबिंदू
आता उभ्या युनिटचं. आधी मोजा, पण इन्फ्रारेड गनने नाही. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं सांगते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा, किंवा के टाइप प्रोब लावा. २८ च्या खाली जाईल ती जागा गुन्हेगार.

पंख्यानंतरचा भाग धन दाबाचा. तिथे गॅस्केट ढिला असेल तर थंड हवा फटीतून बाहेर येऊन दाराची चौकट गार करते. ईपीडीएम रबराचा पोकळ गॅस्केट लावा, दार बंद झाल्यावर एकतृतीयांश दबला पाहिजे. स्वस्त चिकट पट्टी वर्षात सपाट होते. कॉइलचा भाग ऋण दाबाचा, तिथे उलट शेडची दमट हवा आत ओढली जाते आणि पाणी आतल्या बाजूला जमतं, म्हणून बाहेर कोरडं दिसलं तरी फसू नका. हेडर पाइप आणि ड्रेन पाइप पॅनेलमधून जातात तिथली भोकंही बंद करा.

प्रोफाइलवर बाहेरून १३ मिमी नायट्राइल रबर, फॉइल फेस्ड, सांधे टेपने पूर्ण बंद. पट्टीमागे ओल शिरली तर तीच भिजून काळी पडते, तेव्हा सुका पत्रा आणि सुकी हवा बघून, मशीन बंद ठेवून चिकटवा. आरपार स्क्रू काढून भोकं सीलंटने भरा आणि पॅनेल बाहेरून क्लॅम्पने धरा.

शेडला एक्झॉस्ट फॅन लावायचा सल्ला मिळेलच. बाहेरच्या हवेचा दवबिंदू तोच असतो, त्याने पाणी थांबत नाही.

गाळा_४२
नवीन युनिटला पत्र्याच्या कडांमध्ये काय घालू?

दवबिंदू
२ मिमी पीव्हीसीची पट्टी. दोन्ही पत्रे कुठेच एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत. दर मीटरला ०.८ वॅट जाणारी कड ०.००७ वर येते. प्रोफाइल पॉलिअमाइड पट्टीचं घ्या, आणि स्क्रू फक्त प्रोफाइलच्या बाहेरच्या अर्ध्यात. तो लांबीने ५ मिमी जास्त निघाला तरी सगळा खर्च वाया, म्हणून स्क्रूची लांबी ड्रॉइंगवर लिहा.