जुन्या जाझ ड्रमरांच्या ढंगात लूप: रियाज की नक्कल?

माळवदवाला (परभणी)

लग्नसराईत मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. बाकी महिने हात रिकामे. म्हणून गेल्या दिवाळीपासून मामाच्या गावातल्या जुन्या माळवदात किट मांडून जाझचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचे ठेक्याचे तुकडे, रेकॉर्ड करायलो. चार-चार, आठ-आठ बारचे (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) तुकडे, आतापर्यंत चाळीस झाले.

खोलीचं आधी सांगतो, कारण सगळी मजा तिचीच आहे. भिंती दीड हात जाड, वर मातीचं छत, खाली सारवलेली जमीन. टाळी वाजवली तर जागेवर विरते. शहरातल्या स्लॅबच्या खोलीत माझा राइड सिंबल (लय धरायची मोठी थाळी) कानात खिळ्यासारखा घुसायचा, इथं तोच सिंबल गोड लागतो. माईक तीनच. एक डोक्यावर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूनं, एक बेस ड्रमसमोर. पहिले दोन स्नेअरच्या (मांडीसमोरच्या खणखणीत ड्रमच्या) मधल्या बिंदूपासून सारख्या अंतरावर पाहिजेत, नाहीतर स्नेअरचा आवाज पोकळ होतो. ते अंतर मी सुतळीला गाठ मारून मोजतो. ऑर्केस्ट्राच्या सवयीनं बेस ड्रममध्ये गोधडी कोंबलेली होती, ती काढली आणि हेड, म्हणजे वरचं कातडं, ताणलं. आता तो धप्प न करता बोलतो.

ढंग जुन्यांचे. केनी क्लार्कचा साधा राइड, जो मोरेलोचा १९५९ मधला पाच मात्रांचा, एल्विन जोन्सचा तीन-तीनच्या लाटांचा. व्हर्नेल फूर्निए यानं १९५८ मध्ये अहमद जमालच्या त्रिकुटात वाजवलेला 'पॉइन्सियाना'चा ठेका तर दोन माणसं वाजवायलीत असा वाटतो, त्यावर माझे पंधरा दिवस गेले. फाइलींची नावं 'एल्विन-७', 'मोरेलो-२' अशी. सगळा संच दोनशे रुपयांना द्यायचा विचार आहे. एक मित्र म्हणतो, ही नक्कल विकणं झालं. तुम्हाला काय वाटतं?

चुकलेली सम (छत्रपती संभाजीनगर)

खोली छान, माईक छान, मूळ कल्पनाच चुकीची. राग मानू नका.

केनी क्लार्कनं १९४० च्या आसपास लय बेस ड्रमवरून उचलून राइड सिंबलवर नेली. कशासाठी? डावा हात आणि उजवा पाय मोकळा व्हावा, मधेच सोलो वाजवणाऱ्याला टोकता यावं, दाद देता यावी म्हणून. तुम्ही चार बारचा लूप करून तो सुटलेला हात पुन्हा खुंट्याला बांधताय. एल्विन सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनच्या मागं तसा वाजवायचा, कारण समोर कोल्ट्रेन होता. सॅक्सोफोन चढला की तो चढायचा. तुमचा लूप कुणाचं ऐकतो? त्याला कान नाहीत. रॉकचा लूप करा, हिपहॉपचा करा, तिथं तो शोभतो. जाझचा लूप म्हणजे गप्पांमधला एकच 'हो ना' कापून रात्रभर वाजवायचा.

बँडपार्टी क्लॅरिनेट (नांदेड)

सम दादा, तुमच्या शहरात निदान दोन-चार जण भेटत असतील हो. मी पंचवीस वर्षं वरातीत क्लॅरिनेट वाजवतो. उतरत्या वयात जाझची हौस लागली. नांदेड-हिंगोलीत डबल बेस वाजवणारा शोधला, तर लोकांनी मोठा तंबोरा आणून दाखवला. सोबत राइड सिंबल धरणाराही नाही. मग मी काय भिंतीसोबत वाजवू?

आणि तबलजी तासन् तास लेहऱ्यावर बसतो त्याचं काय? हार्मोनियमवर तीच ओळ फिरत असते, कुणी तिला मेलेली म्हणत नाही. ती एका जागी फिरते म्हणून तबलजीला भटकता येतं. अमेरिकेत जेमी एबरसोल्डनं १९६७ पासून सोबतीच्या रेकॉर्डी काढल्या त्या याचसाठी, ज्याला साथीदार नाही त्यानं घरी वाजवावं म्हणून. या पोराचे लूप मला द्या. दोनशे काय, तीनशे देतो.

चुकलेली सम

काका, लेहरा धरणारा माणूस जिवंत असतो. तबलजीची लय वाढली की त्याचीही वाढते. लूप वाढत नाही.

डेसिबल (लातूर)

साउंडचं काम करतो, म्हणून तात्त्विक भांडणात पडत नाही, पण 'वाढत नाही' यावर एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. लोक तो वाढवतात आणि तिथंच वाट लागते.

राइडचं 'टिंग, टिं-क-टिंग' घ्या. त्यातला लांब आणि आखूड ठोका यांचं प्रमाण लयीनुसार बदलतं. संथ लयीत लांब ठोका आखूडच्या तिप्पटीपर्यंत जातो, मध्यम लयीत दुपटीच्या आसपास राहतो, आणि लय खूप चढली की दोन्ही जवळपास सारखे होतात. हे हात आपोआप करतो, कुणी मोजून करत नाही. कॉम्प्युटर मात्र सगळं एकाच मापानं दाबतो. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत वाजवलेला लूप २२० ला नेला की ते संथ प्रमाण तसंच राहतं आणि सिंबल लंगडायला लागतो. ऐकणाऱ्याला कळत नाही काय बिघडलं, फक्त पाय हलत नाही.

तेव्हा भाऊ, तोच ठेका ९०, १२०, १६०, २०० आणि २४० ला वेगवेगळा वाजव. मेहनत पाचपट आहे, पण मग विकायला तोंड राहील. क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, एकाच कानात ठेव. आणि एडिट करताना ठोके ओढून रेघेवर बसवू नकोस, कृपा कर. ब्रशवाले (काडीऐवजी तारांच्या कुंचल्यानं वाजवलेले) लूप करणार असशील तर स्नेअरला खडबडीत हेड लाव, गुळगुळीत हेडवर ब्रश नुसता सरकतो, घासल्याचा आवाजच येत नाही.

संबळ (धाराशिव)

माझा मुद्दा फाइलीच्या नावांचा.

१९६९ च्या नोव्हेंबरात सिनसिनाटीत जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' गाण्यात क्लाइड स्टबलफील्डनं काही बार एकट्यानं वाजवले. पुढं तो तुकडा शेकडो गाण्यांत कापून चिकटवला गेला. गाण्यावर हक्क ब्राउनचा, वाजवणाऱ्याच्या हाती त्याचे पैसे आले नाहीत. २०१७ मध्ये तो गेला. ग्रेगरी कोलमनचं तर याहून वाईट. १९६९ मध्येच त्यानं वाजवलेल्या सातेक सेकंदांवर आख्खे संगीतप्रकार उभे राहिले आणि तो २००६ मध्ये बेघर अवस्थेत मेला.

लांबचं कशाला? आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या गोंधळ आहे. मी लहान असताना एक माणूस रेकॉर्डर घेऊन आला. वडिलांनी दोन तास संबळ वाजवलं. त्यानं नारळ दिला, चहा पिला, गेला. काही वर्षांनी वरातीच्या डीजेवर ते वाजणं ऐकलं. ओळखलं कसं? त्या दिवशी पाऊस होता आणि आमच्या संबळाचं एक कातडं ढिलं पडलं होतं. वडील वाकड्या काडीनं त्यावर जरा जोर द्यायचे. तो जोर जसाच्या तसा तिथं होता. वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं वाजतंय की."

तू कुणाची रेकॉर्ड कापलेली नाहीस, स्वतः घाम गाळून वाजवलंस, म्हणून तुला चोर म्हणत नाही. पण वाजवलंस तू आणि विकतोस 'एल्विन' म्हणून, हे काय? त्या माणसाचं नाव म्हणजे तुझ्या दुकानाची पाटी नाही.

बँडपार्टी क्लॅरिनेट

आता बोला! नाव टाकलं तर पाटी, आणि नाही टाकलं तर म्हणणार 'बघा, एल्विनचं उचललं आणि नावही घेतलं नाही'. पोरानं जावं कुठं?

डेसिबल

कायद्याचं म्हणाल तर रेकॉर्डिंगला हक्क असतो, आपल्याकडं प्रकाशनानंतर ६० वर्षं. नुसत्या राइडच्या ठेक्यावर कुणाची मालकी नाही, नाहीतर सगळे ड्रमर तुरुंगात गेले असते. नावाचं संबळ भाऊंचं मला पटतं. फाइलीला लय आणि मात्रा लिही, सोबतच्या चिठ्ठीत कुणाचं ऐकून वाजवलं ते लिही. दोन्ही साधतं.

चुकलेली सम

आणि मला पाटीपेक्षा लांबीचा त्रास आहे. विकायचंच असेल तर चार बार नको, दहा-दहा मिनिटं सलग वाजव. निदान तू तरी स्वतःचं ऐकत वाजवशील.

माळवदवाला

आठवडाभर गप्प होतो, वाजवायलो होतो.

चाळीसपैकी सव्वीस काढून टाकले. डेसिबल दादांचं ऐकून संथ-जलद वेगळं वाजवून बघितलं, तर २४० ला माझा हात तीन मिनिटांत गळाला, म्हणजे तो लूप मी आजवर कॉम्प्युटरच्या जिवावर विकणार होतो. नावं बदलली. आता 'तीनची लाट, १२०' असं आहे आणि चिठ्ठीत एल्विन जोन्स. सलग वाजवलेले दोन टेक टाकलेत, एक अकरा मिनिटांचा. क्लॅरिनेट काका, तुम्हाला फुकट. संबळ भाऊ, पुढचा गोंधळ कधी आहे ते कळवा, मी रेकॉर्डर न घेता येतो.

चुकलेली सम

अकरा मिनिटांचा ऐकला. लूपबद्दलचं मत बदललेलं नाही. पण सातव्या मिनिटाला डावा हात एकदम भरकटतो, स्नेअरवर चार-पाच ठोके भलतीकडेच पडतात आणि मग तू हळूच परत येतोस. ते काय होतं? सगळ्या टेकमधली तीच जागा मला आवडली.

माळवदवाला

मामाची म्हैस दारात येऊन हंबरली. नीट ऐकलं तर राइडच्या मागं ऐकू येते. कापणार होतो, राहू दिलं.

चुकलेली सम

म्हणजे म्हशीला तरी उत्तर दिलंस. दोनशे कुठं पाठवू?