पावणेदोन वर्षांच्या खेळकर मुलीसह तळ्याकाठी तंबूत मुक्काम: किती चालावे, काय जपावे?

रानवाट

सर्वांना नमस्कार. आमची मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. तिच्या जन्माआधी आम्ही दोघेही सवड मिळेल तेव्हा डोंगरात हिंडत असू. आता ती पायांवर नीट स्थिरावल्यावर पुन्हा बाहेर पडावे, तेही तिला बरोबर घेऊन, अशी दोघांचीही मनापासून इच्छा आहे. माझ्या पतीने आखलेला बेत असा आहे, की एका तळ्याकाठी दोन रात्री तंबूत मुक्काम करायचा आणि मधल्या दिवशी जवळच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत जाऊन यायचे. जाऊन-येऊन अंतर सहा किलोमीटर आहे आणि चढ फार अवघड नाही.

मुलगी मात्र विलक्षण खेळकर आहे. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये थोडा वेळ बसते, मग पाय झाडू लागते आणि खाली उतरवेपर्यंत थांबत नाही. खाली ठेवले, की चार पावले पुढे जाऊन वळून मागे येते, वाटेतले खडे एकेक करून माझ्या मुठीत कोंबते, त्यांतला एखादा पडला तर नेमका तोच मागते, आणि मुंग्यांची रांग दिसली की तिथेच उकिडवी बसते. तिला हात धरून ओढत नेणे माझ्या जिवावर येते. पतीचे म्हणणे असे, की सवय लावली तर मूल कॅरिअरमध्ये बसायला शिकते, आणि आज माघार घेतली तर पुढची काही वर्षे आपण घरातच बसून राहू. सासूबाईंचे मत याच्या उलट आहे. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत उघड्यावर रात्र काढूच नये, असे त्यांना वाटते. दोघांच्याही बोलण्यामागे काळजीच आहे हे मला कळते, पण त्यामुळे निर्णय सोपा होत नाही.

या वयाच्या मुलाकडून किती चालण्याची अपेक्षा ठेवावी, कॅरिअर किती वेळ वापरावे, तळ्याकाठी राहणे शहाणपणाचे आहे का, आणि तंबूत तिची झोप कशी सांभाळावी, याबद्दल अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर लिहावे.

दुडकी_चाल

आपले वर्णन वाचून वाटले, की मुलगी या वयात जसे चालावे तशीच चालते आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. त्याच गटाच्या पुढच्या कामातून हेही दिसले, की या वयातले बरेचसे चालणे कुठे पोहोचण्यासाठी नसतेच. मूल निघते, मध्येच थांबते, दिशा बदलते आणि चालता चालता जे सापडेल त्यात रमते. आपल्या मुलीच्या पायांत बळ भरपूर आहे, पण माथा गाठण्याशी त्या बळाला काही देणेघेणे नाही. त्यामुळे सहा किलोमीटर हे अंतर तिच्या चालीने होणार नाही, आणि ते तिच्याकडून करून घेण्याचा प्रयत्न केला तर तिघांचाही दिवस किरकिरीत जाईल.

कॅरिअरच्या बाबतीत आपल्या पतींचे म्हणणे अर्धे मला पटते. सवयीने मूल त्यात बसू लागते हे खरे, परंतु किती वेळ बसवावे यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, आणि त्याला बाबागाडीत, खुर्चीत किंवा कोणाच्या पाठीला बांधून सलग एका तासाहून अधिक वेळ जखडून ठेवू नये. म्हणजे मुलगी पाय झाडते तेव्हा ती हट्ट करत नसून तिच्या शरीराला जे हवे आहे तेच मागते आहे. आम्ही आमच्या मुलीसाठी कॅरिअर तीनच प्रसंगी वापरतो: तिच्या झोपेच्या वेळी, वाट घसरडी किंवा कड्यालगतची असेल तेव्हा, आणि परतीच्या वाटेवर दमून ती स्वतःच हात वर करते तेव्हा.

कॅरिअरमध्ये बसलेल्या मुलाबद्दल एक गोष्ट मोठ्यांच्या सहज लक्षात येत नाही. चढ चढणारा माणूस घामाघूम होतो आणि पाठीवरचे मूल त्याच वेळी गारठत असते, कारण त्याची काहीच हालचाल होत नाही आणि लोंबकळणारे पाय वाऱ्यात उघडे राहतात. आपल्याला उकडते म्हणून त्याचे कपडे ठरवू नयेत. थांबाल तेव्हा त्याच्या मानेवर आणि पोटरीवर हात ठेवून पाहावा, बूट सैल करून पावले चोळावीत आणि थोडे खाली खेळू द्यावे. उन्हाळ्यात प्रकार उलटा होतो. कॅरिअरवरचे छत ओढले तरी आत हवा कोंडते आणि मूल गप्प बसले म्हणजे सुखात आहे असे समजून चालत नाही. शिवाय १२ किलोंचे मूल आणि कॅरिअरचे स्वतःचे वजन पाठीवर असताना तोल जाण्याचा धोका वाढतो आणि वाकलेली फांदी आपल्या डोक्यावरून सुटली तरी मुलाच्या चेहऱ्याला लागू शकते, हे चालणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावे.

माझा सल्ला असा, की माथ्याचा बेत तसाच ठेवावा, फक्त तो दोघांनी एकत्र पुरा करण्याचा आग्रह सोडावा. पहिल्या सकाळी एकाने एकट्याने माथा करून यावा, दुसऱ्या सकाळी दुसऱ्याने. मुलीबरोबरची वाट वेगळी निवडावी: तळ्यापासून दूर जाणारी, सपाट, अर्ध्या किलोमीटरची, आणि तिथे दोन तास काढण्याची तयारी ठेवावी. डोंगरात एकट्याने चालण्याची ओढ आई झाल्यावर संपत नाही, आणि तिला जागा देणे कुटुंबासाठीही चांगले असते, असे मला मनापासून वाटते.

पाणवठा

मी रुग्णालयाच्या बालविभागात परिचारिका म्हणून काम करते, म्हणून तळ्याच्या प्रश्नाकडे थोड्या कठोरपणे पाहते. जगभरात बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये सर्वाधिक असते. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे ते पाण्यात वाकले की तोंडावर पडते, आणि घोटाभर पाण्यातूनही त्याला स्वतःहून उठता येत नाही. मूल बुडते तेव्हा आरडाओरडा किंवा हात हलवणे बहुधा नसतेच. ते मुकाट्याने पाण्याखाली जाते. म्हणून पाण्याजवळ असताना मोठ्या माणसाने मुलापासून हाताच्या अंतरावर असावे, म्हणजे जागेवरून न उठता त्याला धरता आले पाहिजे. दंडाला लावायच्या फुगवलेल्या पट्ट्या जीव वाचवण्याचे साधन नाहीत. लाइफ जॅकेट वापरायचे असेल तर ते मुलाच्या वजनाचे, मानेला आधार देणारे आणि दोन्ही पायांमधून पट्टा असलेले असावे, आणि ते घातले तरी हाताचे अंतर सोडू नये.

तंबू काठापासून लांब लावा आणि तंबूचे दार पाण्याच्या विरुद्ध दिशेला ठेवा. पहाटे आपल्याला डुलकी लागलेली असताना या वयाचे मूल चेन उघडून बाहेर पडू शकते. आतून दोन्ही चेनच्या कड्या मुलाच्या हाताला न लागतील इतक्या उंच, एकत्र बांधून ठेवा.

विस्तवाबद्दलही सांगते. जळत्या शेकोटीपासून सगळेच मुलाला लांब ठेवतात, पण अनेकदा इजा होते ती विझवलेल्या शेकोटीमुळे. निखाऱ्यांवर वाळू किंवा माती लोटली की वरून सगळे थंड दिसते, आतली धग मात्र सकाळपर्यंत टिकते, आणि अनवाणी मूल वाळू समजून त्यावर पाय देते. शेकोटी पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून विझवावी आणि ती जागा मुलाच्या खेळण्याच्या वाटेत नसावी. भाजलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग २० मिनिटे धरावा, बर्फ किंवा घरगुती लेप लावू नये, आणि डॉक्टरांना दाखवावे.

ऊन आणि किडे यांबद्दल थोडक्यात लिहिते. उघड्या त्वचेवर सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी लावून दर दोन तासांनी पुन्हा लावावे, तरी टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि दुपारची सावली यांवरच मुख्य भिस्त ठेवावी. किडे पळवणारे औषध आधी आपल्या तळहातावर घेऊन मुलाला लावावे. त्याच्या हातांना लावू नये, कारण ते हात लगेच तोंडात जातात. लिंबू-निलगिरीचे तेल असलेली औषधे तीन वर्षांखालील मुलांसाठी टाळावीत, हे नैसर्गिक म्हणून ती आणणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. संध्याकाळी कपडे बदलताना कानांमागे, काखेत, जांघेत, गुडघ्यांच्या मागे आणि केसांत गोचीड चिकटली आहे का, ते बोटांनी चाचपून पाहावे.

सावकाश

दोन्ही उत्तरे पटली, पण पहिल्याच वेळी दोन रात्रींचा मुक्काम मला जास्त वाटतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसह ११ ते १४ तासांची झोप लागते, आणि नव्या जागेतली पहिली रात्र बहुतेक मुलांना जड जाते. दुसऱ्या रात्रीसाठी मोठ्यांकडे त्राण उरत नाही. एक रात्र काढावी आणि सगळे ठीक असेल तरच दुसरी, असा करार आधीच करून ठेवावा, म्हणजे मध्येच परत फिरण्याला कोणी हार मानणार नाही.

निघण्याच्या आठवड्यात घरातच तंबू उभारा आणि मुलीला त्यात दिवसा खेळू द्या. चेनचा आवाज, कापडाचा वास आणि आतला अंधुक उजेड तिच्या ओळखीचा झाला, की रात्री घाबरण्याचे एक कारण कमी होते. तिला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत झोपवू नये, कारण त्यात ती आत सरकून नाकातोंडावर कापड येऊ शकते. तिच्या मापाची, गळ्याशी नीट बसणारी झोपण्याची पिशवी आणि आत कपड्यांचे थर अधिक सुरक्षित. जमिनीचा गारवा अडवणारी चटई पांघरुणाइतकीच महत्त्वाची आहे. आणि कितीही थंडी वाजली तरी तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याला माझे उत्तर एवढेच, की तीन वर्षांच्या वयात असे काही बदलत नाही, ज्यामुळे रात्र अचानक सुरक्षित होते. हवामान, ठिकाण आणि गाडीपर्यंतचे अंतर यांवरच ते ठरते. पहिल्या वेळी तंबूपासून गाडी दहा मिनिटांवर असावी.

दोघांत_तिसरी

एक भर घालते. दोन पालक समोर असताना मूल अधिक सुरक्षित असते असे आपल्याला वाटते, पण तंबू उभारण्याच्या धांदलीत दोघांनाही वाटत राहते, की दुसऱ्याचे लक्ष आहे. आम्ही मुलाची जबाबदारी तोंडाने बोलून सोपवतो: "आता तू बघ", आणि समोरच्याने "मी बघतो" असे म्हटल्याशिवाय पहिला नजर हलवत नाही. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते. तरीही करावे. ज्याच्याकडे मूल आहे त्याने त्या वेळात स्वयंपाक, फोन किंवा दोऱ्या बांधणे यांपैकी काहीही करू नये, आणि अर्ध्या तासाने पाळी बदलावी, कारण खेळकर मुलावर अखंड नजर ठेवणे हे दमवणारे काम आहे आणि ते एकाच्याच, बहुतेक घरांत आईच्याच, गळ्यात पडते.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी मिळून सगळी उत्तरे वाचली. एकाच रात्रीचा मुक्काम, काठापासून लांब तंबू, आणि मुक्कामाच्या दिवशी सकाळी पती व परतीच्या दिवशी सकाळी मी असा माथा वाटून घेणे, असे ठरले आहे. सासूबाईंना पाण्याबद्दलचा मजकूर वाचून दाखवला. तळ्याविषयीची त्यांची भीती अगदी रास्त होती, हे मी त्यांना सांगितले, आणि मुलीच्या झोपण्याच्या पिशवीला आतून मऊ अस्तर लावण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले आहे.

पतींचा एक प्रश्न उरतो. पुढच्या वर्षी उंच पर्वतांच्या प्रदेशात जाण्याचे त्यांच्या मनात आहे. तेव्हाही मुलगी जेमतेम पावणेतीन वर्षांची असेल. उंचीचा त्रास होतो आहे हे ती सांगू शकणार नाही, मग तो ओळखायचा कसा?

पाणवठा

उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तो लहानांना मोठ्यांइतकाच होऊ शकतो. मोठा माणूस डोके दुखते म्हणून सांगतो. ज्याला अजून नीट सांगता येत नाही, अशा मुलात तो अकारण किरकिर, न खाणे, उलटी आणि विस्कटलेली झोप या रूपांत दिसतो, आणि ही सगळी लक्षणे प्रवासाच्या थकव्यातही दिसतात, हीच खरी अडचण आहे. म्हणून नियम असा पाळतात, की २,५०० मीटरच्या वर गेल्यानंतर लहान मूल आजारी वाटले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. आपल्या मुलीच्या बाबतीत सर्वांत उपयोगी खूण तिचा खेळ आहे. खडे समोर असताना ती ते उचलत नसेल, मुंग्या दाखवल्या तरी खाली वाकत नसेल, तर वर जाणे तिथेच थांबवावे. बरे वाटले नाही तर त्याच दिवशी खाली उतरावे, आणि ती सुस्त पडली, तोल जाऊ लागला किंवा स्वस्थ असतानाही धाप लागली, तर रात्र असली तरी लगेच उतरून डॉक्टर गाठावा.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण सल्ला मोठ्यांसाठी आहे; मुलाबरोबर त्याहूनही सावकाश जावे. गाडीने किंवा विमानाने एका दिवसात थेट उंचावर पोहोचणे टाळावे. शांत झोप लागावी म्हणून गुंगी आणणारे कोणतेही औषध मुलाला देऊ नये, कारण त्यामुळे श्वास मंदावू शकतो आणि त्रासाची लक्षणेही झाकली जातात. माझे स्वतःचे मत विचाराल, तर पुढच्या वर्षी मुक्काम २,५०० मीटरच्या खालीच ठेवावा, आणि त्याहून वर दिवसा जायचे तर सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत परत खाली यावे.